जुन्या झेडची नवी बांधणी

डॅटसन २४०झेड ही निसान कंपनीची दोन आसनांची जपानी स्पोर्ट्‌स कार ऑक्टोबर १९६९ मध्ये जगासमोर आली. अमेरिकेत तिची किंमत ३,५२६ डॉलर ठरली. त्या सुमारास तेवढ्या पैशांत मिळणाऱ्या अनेक युरोपी गाड्यांत चार सिलिंडरचे जुन्या घडणीचे इंजिन आणि मागे अखंड धुरा असे. झेडमध्ये २,३९३ सीसीचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते. त्याचा कॅमशाफ्ट हेडवरच बसवलेला होता. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, पुढे डिस्क ब्रेक होते आणि वजन एक टनाहून थोडेसेच जास्त होते. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूने तिचा आकार घडवला. निसानचा अमेरिकेतील कारभार पाहणारे युताका काटायामा यांनी ती तिथल्या ग्राहकाच्या मनात उतरवली. जपानात तिचे नाव फेअरलेडी झेड. पुढे २६०झेड आणि २८०झेड ही तिचीच मोठ्या इंजिनांची रूपे आली आणि १९७८ पर्यंत या पिढीच्या सुमारे पाच लाख गाड्या तयार झाल्या.

जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन ती रस्त्यासाठी आणि रेसट्रॅकसाठी नव्याने बांधण्याचा छंद जगभर आहे आणि त्यात या गाडीला मानाचे स्थान आहे. त्याचे कारण तिच्या देखणेपणाइतकेच तिच्या घडणीत आहे. निसानने ‘एल’ मालिकेतले हे सहा सिलिंडरचे इंजिन वर्षानुवर्षे वाढवत नेले. २४०झेडचे एल२४, २६०झेडचे २,५६५ सीसीचे एल२६ आणि २८०झेडचे २,७५३ सीसीचे एल२८ ही बाहेरून सख्खी भावंडे आहेत. एकाचे हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर बसते, एकाचा क्रँक दुसऱ्यात जातो, पुढच्या २८०झेडएक्सचा गिअरबॉक्स जुन्या २४०झेडच्या बोगद्यात सामावतो. ब्लॉक बिडाचा आणि जाड, क्रँकला सात मेन बेअरिंग. मूळ रूपात १५१ अश्वशक्ती जाहीर केलेले हे इंजिन त्याहून कितीतरी जास्त ताकद पेलू शकते. कंपनीने कमी ताण देऊन सोडलेले असे मजबूत इंजिन हाती आले, की कारागिराला काम करायला मोकळी जागा मिळते.

या गाडीच्या सुरुवातीच्या वर्षांतच दोन ठिकाणी तिची दोन अगदी वेगळी रूपे तयार झाली. त्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या, की ट्यूनिंग म्हणजे नेमके काय ते कळते.

पहिले रूप कॅलिफोर्नियातले. पीटर ब्रॉक या डिझायनरने आधी शेल्बी डेटोना कूपेचा आकार रेखाटला होता. त्याच्या ब्रॉक रेसिंग एंटरप्रायझेस म्हणजेच ‘बीआरई’ या संघाने २४०झेड गुळगुळीत डांबरी ट्रॅकसाठी तयार केली. पांढऱ्या, लाल आणि निळ्या रंगांची ती गाडी घेऊन जॉन मॉर्टन याने १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे अमेरिकेतील एससीसीए संस्थेचे ‘सी प्रॉडक्शन’ गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ही गाडी जमिनीलगत बसवलेली होती. आतले सारे सामान उतरवलेले, स्प्रिंग कडक, इंजिन वरच्या फेऱ्यांत श्वास घेणारे. तिला स्टार्टच्या रेषेपासून शेवटच्या फेरीपर्यंत, म्हणजे फार तर तासभर, जोरात पळायचे होते.

दुसरे रूप पूर्व आफ्रिकेतले. ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली ही हजारो किलोमीटरची शर्यत होती. धूळ, चिखल, नदीनाले, रात्री रस्त्यात आडवी येणारी जनावरे हे सगळे तिचा भाग होते. १९७१ मध्ये एडगर हेरमान आणि हान्स श्युलर यांनी ती २४०झेडमधून जिंकली. १९७३ मध्ये त्याच मॉडेलमधून जिंकला शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा चालक. त्या वर्षी मेहता आणि डॅटसनच्याच दुसऱ्या मॉडेलमधला हॅरी कॅलस्ट्रॉम यांचे दंडगुण शेवटी सारखेच निघाले. जो जास्त वेळ विनादंड धावला तो विजेता, या नियमाने मेहताला विजय मिळाला. पुढे त्याने १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षेही सफारी जिंकली. सफारीची झेड जमिनीपासून उंच उचललेली होती, पोटाखाली जाड पत्र्याचे संरक्षण होते, सांधे जागोजागी वेल्डिंगने मजबूत केले होते. तिच्या इंजिनाकडून शेवटच्या दहा अश्वशक्तीपेक्षा शेवटच्या दिवसापर्यंत चालत राहण्याची अपेक्षा होती.

दोन्ही गाड्या एकाच कारखान्यातून निघालेल्या, दोन्ही विजेत्या. पण एकीचे सस्पेन्शन दुसरीला लावले असते, तर दोघीही हरल्या असत्या. म्हणून बांधणीला हात घालण्यापूर्वी गाडी कुठे आणि किती वेळ पळणार आहे, हे मालकाला ठरवावे लागते. रोजच्या रस्त्यावर ती खड्ड्यातून जाईल, सिग्नलला उभी राहील, उन्हात तापेल, पावसात भिजेल. ट्रॅकवर वीस मिनिटांत ब्रेक लालबुंद होतील आणि वळणावर तेल इंजिनाखालच्या टाकीच्या, म्हणजे सम्पच्या, एका कडेला चढेल. दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घ्यायची असतील, तर कुठे किती सोडायचे याचा हिशेब प्रत्येक भागापाशी नव्याने मांडावा लागतो.

पहिले काम पत्र्याचे. या गाडीला वेगळी चासी नाही. शरीरच चासीचे काम करते. त्या काळच्या जपानी पत्र्याला गंजापासून फारसे संरक्षण नव्हते. बॅटरीच्या खालचा ट्रे, पायाखालची फरशी, तिच्या खालून जाणारे लांब रेल, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या दाराची खालची कड या जागा हटकून सडतात. वरून रंग चकचकीत असलेल्या गाडीचा गालिचा उचलला, की खाली पत्र्याऐवजी डांबर आणि फायबरची पट्टी सापडणे नवीन नाही. कमजोर शरीरावर कडक स्प्रिंग आणि पकड धरणारे टायर बसवले, तर सगळा ताण त्या सडक्या सांध्यांवर येतो. सस्पेन्शन हलण्याऐवजी गाडीच वाकते. मग कितीही महागडे शॉक ॲब्सॉर्बर घातले, तरी त्यांचा परिणाम मोजता येत नाही.

फरशी आणि रेल कापून नवे घालताना आधी आतून आडव्या-उभ्या नळ्या टाकून दाराची चौकट बांधून घेतात. तसे न करता रेल कापला, तर शरीर मधोमध झुकते आणि नंतर दारे लागत नाहीत. जाणता कारागीर कापण्याआधी दाराभोवतीची फट चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवतो आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मोजतो. याच वेळी पुढच्या दोन स्ट्रटच्या बुरुजांना जोडणारा आडवा दांडा बसवला जातो आणि पुढचे रेल मागच्यांना जोडून घेतले जातात. हे काम झाकले जाते, कोणाला दिसत नाही, फोटोत येत नाही. तरी पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे आणि त्याला लागणारा वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर ब्रेक. मूळ गाडीला पुढे २७१ मिलिमीटरच्या भरीव डिस्क आणि मागे पन्हाळीदार ॲल्युमिनियमचे ड्रम आहेत. रस्त्यावर हे ब्रेक चांगल्या स्थितीत असतील तर पुरतात. ट्रॅकवर मात्र दर फेरीला ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढून पुन्हा पुन्हा वेग तोडावा लागतो आणि त्या गतीची सारी ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन साठते. भरीव डिस्क ती पुरेशी लवकर बाहेर टाकू शकत नाही. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते. जुन्या तेलाचा उत्कलनबिंदू त्यामुळे खाली येतो, कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल थेट फरशीला टेकते. म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा बदल म्हणजे ताजे, उच्च उत्कलनबिंदूचे तेल आणि जुन्या रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या नव्या नळ्या.

पुढच्या टप्प्यावर अनेक जण टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे, म्हणजे भारतात हायलक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीच्या घराण्याचे, चार पिस्टनचे कॅलिपर वापरतात. धुळीची पत्र्याची ढाल कापली, की ते झेडच्या मूळ बोल्टच्या भोकांवर बसतात. थोडे रुंद कॅलिपर घेतले, तर हवा खेळणारी पोकळ डिस्कही लावता येते. इथे एक धोका आहे. पुढचे ब्रेक एकदम जोरदार केले आणि मागचे तसेच ठेवले, तर पुढची चाके आधी लॉक होतात आणि थांबण्याचे अंतर वाढूही शकते. त्यामुळे मास्टर सिलिंडरचा व्यास, मागचे ब्रेक आणि पुढे-मागे दाब वाटणारा व्हॉल्व्ह यांचा एकत्र विचार करावा लागतो. पॅड निवडतानाही रस्ता आणि ट्रॅक यांचे वैर दिसते. खऱ्या रेसिंगचे पॅड तापल्यावर उत्तम धरतात. पण थंड असताना, सकाळी गल्लीतून बाहेर पडताना, ते जवळजवळ धरतच नाहीत. दोन्हीकडे चालणारी गाडी असेल, तर मधल्या प्रतीचे पॅड वापरणे किंवा ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलणे, हे दोनच मार्ग उरतात.

जमिनीला टेकणारा एकमेव भाग म्हणजे टायर. मूळ गाडीला १४ इंची, जेमतेम साडेचार इंच रुंद पोलादी रिम होते. आज १५ किंवा १६ इंची, सात-आठ इंच रुंद हलके रिम सर्रास लावतात. जास्त रुंद टायर बसवायचा तर मागच्या कमानी कापून त्यावर फुगीर फेंडर चढवावे लागतात. निसाननेच १९७१ मध्ये जपानात लांब नाकाची आणि अशा फेंडरची २४०झेडजी विकली, त्यामुळे ते रूप या गाडीला परके वाटत नाही. रुंद टायरमुळे पकड वाढते, पण स्टिअरिंग जड होते, चाकांच्या बेअरिंगवर ताण येतो आणि ओल्या रस्त्यावर टायर पाण्यावर तरंगण्याची शक्यता वाढते.

सस्पेन्शनमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे गाडी नुसती खाली बसवणे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागेही स्ट्रटच असलेल्या या गाडीत स्प्रिंग कापली, की तीन गोष्टी एकदम बिघडतात. शॉक ॲब्सॉर्बरची चाल संपते आणि प्रत्येक खड्ड्याला तो तळाशी आपटतो. खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकतो आणि गाडीचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती कलते तो, तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली जातो. परिणामी खाली बसलेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते. तिसरे म्हणजे स्टिअरिंगचा दांडा आणि हा आर्म यांचे कोन जुळेनासे होतात आणि चाक वर-खाली होताना आपोआप आत-बाहेर वळू लागते. चालकाने स्टिअरिंग सरळ धरलेले असतानाही गाडी खड्ड्यावर दिशा बदलते.

यावर उपाय ठरलेले आहेत. स्ट्रटची नळी कापून आखूड करतात आणि तिच्यात छोटा शॉक ॲब्सॉर्बर बसवतात, म्हणजे खाली बसूनही चाल शिल्लक राहते. स्ट्रट आणि स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये जाड चकती घालून खालच्या आर्मचा कोन पुन्हा सरळ करतात. जुने रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे घालतात. मात्र खालच्या आर्मला शरीराशी बांधून ठेवणाऱ्या दांड्याचा एक बुश तरी रबरी ठेवावा, असा अनुभवी कारागिरांचा आग्रह असतो. दोन्ही बाजूंनी कडक बुश घातला, तर दांड्याला हलायला जागा राहत नाही आणि तो वाकून वाकून तुटतो. मूळ स्प्रिंग फार मऊ होत्या; त्यांच्या दुप्पट कडक स्प्रिंग रस्त्यावर सहन होतात, त्यापुढे गेल्यावर खराब रस्त्यावर चाक जमीन सोडू लागते. ट्रॅकच्या गाडीला चौपट कडक स्प्रिंगही चालते, कारण ट्रॅकला खड्डे नसतात.

इतके झाल्यावर इंजिनाकडे वळावे. बहुतेक मालक नेमके उलट करतात, आधी ताकद आणि मग बाकीचे; आणि म्हणूनच अर्धवट सोडलेल्या झेड विकायला येतात.

मूळ एल२४ नीट दुरुस्त करून, त्याचे टायमिंग आणि कार्ब्युरेटर जागेवर आणले, तरी गाडी पुष्कळ बदलते. २४०झेडला हिताची कंपनीने बनवलेले एसयू पद्धतीचे दोन कार्ब्युरेटर होते. त्यात हवेच्या ओढीनुसार पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकून पेट्रोलची वाट मोठी करते. रचना साधी, भरवशाची आणि बऱ्याच मोठ्या इंजिनांनाही पुरणारी. १९७३ च्या अमेरिकी गाड्यांना धुराच्या नियमांसाठी वेगळे, चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर आले. ते तापल्यावर बिघडत, म्हणून बहुतेकांनी ते काढून जुने गोल डोक्याचे बसवले.

पुढची पायरी म्हणजे तीन जोड कार्ब्युरेटर, इटालियन वेबर किंवा जपानी मिकुनी. यात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा घसा मिळतो. पायाला इंजिन तत्काळ उत्तर देते आणि आवाज अंगावर काटा आणणारा असतो. मात्र सहा घशांतली हवा सारखी करणे, योग्य जेट निवडणे, उंची आणि हवामान बदलले की पुन्हा बसवणे हे निष्णात हाताचे काम आहे. शिवाय एल मालिकेत पेट्रोल आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी तोंडे हेडच्या एकाच बाजूला आहेत. कार्ब्युरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतात. गरम हवामानात गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला जावे, तर कार्ब्युरेटरच्या बाऊलमधले पेट्रोल उकळलेले असते. त्यांच्यामध्ये उष्णता अडवणारी पत्र्याची ढाल आणि जाड इन्सुलेटर घातल्याशिवाय ही तक्रार जात नाही.

ताकद वाढवण्याचा पुढचा मार्ग म्हणजे इंजिनाची क्षमता वाढवणे. सरळ उपाय असा, की एल२४ काढून एल२८ बसवायचे. जागा तीच, माउंट तेच. त्यापुढे जपानी कारागिरांनी रूढ केलेली ३.१ लिटरची जुळणी येते. एल२८च्या ब्लॉकचा बोअर ८६ वरून ८९ मिलिमीटर करायचा आणि त्यात निसानच्याच एलडी२८ या डिझेल इंजिनाचा ८३ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक घालायचा. हिशेब ३,०९८ सीसी होतो. डिझेल सेडानमधला हा सुट्टा भाग स्पोर्ट्‌स कारच्या पोटात जाऊन बसला आणि पुढे त्याचे भाव चढत गेले. अशा इंजिनाची गाडी ‘वांगान मिडनाइट’ या जपानी चित्रकथेची नायिका ठरली आणि तिची कीर्ती गॅरेजबाहेरही पोहोचली. नीट बांधलेले असे इंजिन अडीचशे अश्वशक्तीच्या आसपास सहज जाते, म्हणजे मूळ जाहीर ताकदीच्या दीडपटीहून अधिक.

हेडच्या निवडीत तारतम्य लागते. सुरुवातीच्या गाड्यांच्या ई३१ हेडमधली ज्वलनाची खोली लहान आहे. ते सपाट पिस्टनच्या एल२८ वर ठेवले, की कॉम्प्रेशन बरेच वाढते. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे जास्त ताकद, पण पेट्रोल तितक्या दाबाला तग धरणारे नसेल, तर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि ठोके येऊ लागतात. या ठोक्यांनी पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून घराजवळच्या पंपावर जे पेट्रोल रोज मिळते त्यावरून कॉम्प्रेशन ठरवावे.

कॅमशाफ्टचेही तसेच. व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडे ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांत इंजिनाला मोकळे करतो. त्याची किंमत खालच्या फेऱ्यांत मोजावी लागते. रहदारीत गाडी खडखडत चालते. या इंजिनात एक खास बारकावा आहे. कॅमची लोब एका आडव्या रॉकरवर घासते आणि रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या छोट्या टोपीला दाबतो. जुना कॅम घासून नवा आकार दिला, की त्याचा मूळ व्यास कमी होतो आणि लोब रॉकरच्या मधोमध न घासता कडेला घासू लागते. टोप्यांची जाडी बदलून हा घासण्याचा पट्टा पुन्हा मध्यावर आणावा लागतो. हे तपासण्यासाठी रॉकरला रंग लावून इंजिन हाताने फिरवून पाहतात. जे हा अर्धा दिवस वाचवतात, त्यांचा कॅम काहीशे किलोमीटरमध्ये खरडून निघतो.

ठिणगीच्या बाबतीत मूळ पॉइंट काढून २८०झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर लावणे हा स्वस्त आणि जवळजवळ निर्दोष बदल आहे. मिश्रण पारखण्यासाठी पूर्वी प्लग काढून त्याचा रंग वाचत. आता सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर लावून हवा-पेट्रोलचे प्रमाण चालतानाच दिसते. पूर्ण थ्रॉटलला ते साधारण १२.५ ते १३ भाग हवेला एक भाग पेट्रोल असे ठेवतात. डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चाकांपाशी मोजलेली ताकद नेहमीच कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी भरते. त्यात १९७० च्या सुमाराचे अमेरिकी आकडे पंखा, डायनामो, सायलेन्सर यांचा भार न धरता मोजलेले असत. त्यामुळे पहिल्या चाचणीत कमी आकडा आला, म्हणून खचण्याचे कारण नसते. बदलापूर्वी आणि बदलानंतर त्याच यंत्रावर मोजलेला फरक तेवढा खरा.

ताकद वाढली की उष्णता वाढते. मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, तेलाचा वेगळा कूलर आणि आत आडपडदे घातलेला सम्प या तीन गोष्टी ट्रॅकच्या गाडीला हव्यातच. लांब वळणात तेल एका बाजूला सरकले आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली, तर बेअरिंग काही सेकंदांत जातात.

मागे ताकद पोहोचवणारा डिफरन्शियल बदलणे फारसे अवघड नाही. मूळ आर१८० आणि पुढचा आर२०० या नावांतले आकडे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. २८०झेडचा आर२०० थोड्या फेरफाराने २४०झेडमध्ये बसतो. वळणावर आतले चाक हलके होऊन वाया फिरू नये म्हणून लिमिटेड स्लिप प्रकार घेतात. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांना चारच गिअर होते. २८०झेडएक्सचा पाच गिअरचा बॉक्स लावल्याने महामार्गावर इंजिन शांत चालते.

वेग वाढला की हवाही हिशेबात घ्यावी लागते. झेडचे नाक जास्त वेगाला वर उचलले जाते आणि स्टिअरिंग हलके पडते. बीआरईने पुढच्या बंपरखाली लावलेली हनुवटीसारखी पट्टी आणि मागच्या दारावरचा छोटा स्पॉयलर आजही याच कामासाठी लावतात. या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराची रबरी कड जुनी असेल, तर स्वतःचाच धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. नवे रबर, दिव्यांमागची गास्केट आणि दारापासून दूर नेलेली सायलेन्सरची नळी ही जिवाशी निगडित कामे आहेत, सजावट नाही.

सुरक्षेच्या साधनांत रस्ता आणि ट्रॅक यांचा विरोध सर्वांत तीव्र आहे. ट्रॅकवर पोलादी पिंजरा, खोल रेसिंग आसन, पाच-सहा टोकांचा पट्टा आणि हेल्मेट ही एकमेकांवर अवलंबून असलेली जोडणी आहे. तोच पिंजरा रस्त्यावरच्या गाडीत, हेल्मेट नसताना, डोक्याच्या वीतभर अंतरावर पोलादाची नळी ठरतो. पिंजऱ्याशिवाय नुसता अनेक टोकांचा पट्टा लावला आणि गाडी उलटली, तर छत खाली येताना चालकाला बाजूला झुकता येत नाही. म्हणून दोन्हीकडे वापरायच्या गाडीत आसनांच्या मागे, डोक्यापासून दूर बसणारा अर्धा पिंजरा आणि मूळ जागी चांगला तीन टोकांचा पट्टा हा समजुतीचा मार्ग मानला जातो.

कायद्याची चौकट देशागणिक बदलते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्यापूर्वीच्या मॉडेलना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, त्यामुळे २४०झेड आणि २६०झेड यांना तिथे त्या तपासणीतून जावे लागत नाही. १९७६ च्या २८०झेडला ती मुभा नाही. जर्मनीत प्रत्येक मोठा बदल तपासून घेऊन कागदांवर नोंदवावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असे बदल करण्यावर बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. इथे जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्याने रस्त्यावरची गाडी मूळ रूपाजवळ ठेवावी आणि मोठे बदल ट्रॅकपुरत्या गाडीत करावेत, हेच बरे.

चांगल्या मूळ स्थितीतल्या २४०झेडच्या किमती आता फार वर गेल्या आहेत. ज्या बदलासाठी पत्रा कापावा लागत नाही, तो परत फिरवता येतो. जुने कार्ब्युरेटर, रिम, स्टिअरिंग आणि इंजिनाचा मूळ ब्लॉक नीट गुंडाळून ठेवणारा मालक पुढच्या मालकावरही उपकार करतो. गंजून संपत आलेल्या शरीरावर फेंडर कापून व्ही-८ इंजिन घालायला हरकत नाही. अस्सल, न सडलेल्या गाडीवर तसे करणे मात्र खेदाचे आहे, कारण तशा गाड्या आता नव्याने होणार नाहीत.

बांधणी संपली की ट्यूनिंगचा खरा भाग सुरू होतो. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर सस्पेन्शनचा, हेडचा आणि कार्ब्युरेटरचा प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळतात, व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा मोजतात. ट्रॅकवर काही फेऱ्या मारून गाडी आत आली, की टायर थंड होण्याआधी सुईच्या थर्मामीटरने प्रत्येक टायरचे तापमान आतल्या कडेला, मध्यावर आणि बाहेरच्या कडेला घेतात. मधला भाग जास्त तापला असेल, तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या असतील, तर हवा कमी आहे. बाहेरची कड तापली, तर कॅम्बर कमी पडतो, म्हणजे चाकाचा माथा आणखी आत झुकवायला हवा. रस्त्यासाठी साधारण एक अंशाचा ऋण कॅम्बर पुरतो, ट्रॅकवर अडीच-तीन अंश लागतात आणि तेवढ्यावर रोज गाडी चालवली, तर टायरची आतली कड भराभर झिजते. म्हणून स्ट्रटच्या माथ्यावर सरकती पट्टी बसवून तिच्यावर दोन खुणा करतात, एक रस्त्याची आणि एक ट्रॅकची. कॅम्बर हलला की चाकांचा टो, म्हणजे पुढच्या बाजूने आत-बाहेर वळलेला कोनही, बदलतो, त्यामुळे खूण सरकवल्यावर तो दोरी लावून पुन्हा मोजतात आणि मगच गाडी घरच्या रस्त्याला लागते.